न खाल्लेलं मीठ

१२ जानेवारी

चिरंजीव डॉक्टरसाहेब,

आशीर्वाद. आईने पत्राच्या आरंभी तो द्यायचा असतो, म्हणून देते आहे. तुझं घर सोडल्याला चार वर्षं झाली, त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. घाबरू नकोस, परत येते असं कळवायला बसलेली नाही. तुझ्या मावशीकडे मी सुखात आहे. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आहेत, खालून दिवसभर रबराचा आणि ग्रीसचा वास येतो, आणि मावशी झोपली की इंजिन सुरू होतं. एवढं सोडलं तर त्रास नाही. माझ्या ताटात कोणी डोकावत नाही.

लिहायचं कारण आजारपण. मागच्या महिन्यात जिना चढता चढता माझे पाय गेले. घसरले नाही, चक्कर आली नाही. पाय जागेवर होते, पण माझं ऐकत नव्हते. आयुष्यभर शाळेत मुलींना ड्रिल शिकवलेली बाई मी, पोत्यासारखी पायरीवर बसून राहिले. दुकानवाल्याने आणि मावशीने मिळून उचललं. मावशी म्हणाली, "आता तरी लेकाला कळवू का?"

मी म्हटलं, "कळव. तो विचारील, भाजीत मीठ किती होतं."

मग इथल्या छोट्या इस्पितळात नेलं. तुझ्या इस्पितळासारखं चकचकीत नाही. भिंतीचा रंग सुटलेला, पंखा बोलका. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझं बीपी दोनदा मोजलं आणि विचारलं, "काकू, गोळ्या किती चालू आहेत?"

"चार प्रकारच्या."

"आणि रोज घेता?"

हा प्रश्न कोणी विचारला की अजूनही माझे कान तापतात. तुझ्या घरात तो प्रश्न नव्हता, आरोप होता. मी म्हटलं, "घेते. पण तुम्हाला ते खरं वाटणार नाही."

ती म्हणाली, "का नाही वाटणार? घेते म्हणताय तर घेताय." आणि तिने कागदावर पुढचं लिहायला घेतलं.

बस, एवढंच. मला त्या पलंगावर रडू आलं हे तुला सांगणार नव्हते, पण लिहून गेले.

तिचं म्हणणं असं की, चार गोळ्या नेमाने घेऊनही बीपी उतरत नसेल तर दोष रुग्णाचाच असतो असं नाही, बीपीचंही काही कारण असू शकतं. माझ्या रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं, पायांतला जोर त्यानेच गेला होता. तिने मला काय काय होतं ते विचारलं. पोटऱ्यांत गोळे येतात का, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागतं का, डोकं जड असतं का. मी सगळ्याला हो म्हणत गेले. हे सगळं मी तुला सांगितलेलं आहे. तू म्हणायचास, "वय झालं आई, आणि तू पथ्य पाळत नाहीस." पोटॅशियम कमी आलं तेव्हा म्हणालास, "लघवीच्या गोळीने होतं, केळी खा." मी केळी खाल्ली. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी होते?

तरी तू मिठाची बरणी कुलपात ठेवलीस. कामवालीसमोर मला गोळी गिळून जीभ वर करून दाखवायला लावलीस. तुझे बाबा जायच्या आदल्या आठवड्यातही मलाच सांगत होते, "तो डॉक्टर आहे, त्याचं ऐकत जा." आणि मग त्या दिवशी तुझे डॉक्टर मित्र जेवायला आलेले, आणि तू माझ्या गादीखाली सापडलेली खाऱ्या दाण्यांची पुडी हातात धरून बाहेर आलास. "हे बघा," म्हणालास, "आमच्या घरचं औषधाला न जुमानणारं बीपी!" सगळे हसले. मी पाण्याचे पेले भरत होते. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.

ती पुडी माझी नव्हती. तेव्हा सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. कोणाची होती ते मला ठाऊक आहे, आणि ते मी सांगणार नाही.

मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीचा संशय आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी पाठवली आहे. निकाल आला की कळवीन. तू विचारणार नाहीस हे माहीत आहे, तरी कळवीन.

तुझी
आई

५ फेब्रुवारी

चिरंजीवांस,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्याही तुझ्या मदतनिसाने टाइप केलेल्या. "हा आजार दुर्मीळ आहे. नवशिक्या डॉक्टरांना दुर्मीळ आजार फार दिसतात. घाईने काही करू नये. रिपोर्ट पाठवावेत." मायना नाही, सही नाही. मावशीने वाचून विचारलं, "हे पत्र आहे की नोटीस?"

रिपोर्ट पाठवत नाही. सांगते.

माझ्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी आहेत, सगळ्यांनाच असतात. त्यांतल्या डाव्या ग्रंथीत एक गाठ आहे, करंगळीच्या नखाएवढी, कर्करोगाची नव्हे. ती एक रस नको इतका बनवते, आणि तो रस शरीरात मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम बाहेर टाकतो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाली, "काकू, मीठ तुम्ही जास्त खात नव्हता. तुमचं शरीर ते सोडत नव्हतं."

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तिला वाटलं मला ऐकू कमी येतं.

आणि दुर्मीळ म्हणशील तर, ती म्हणते, तसं पूर्वी वाटायचं, कारण कोणी शोधतच नव्हतं. आता शोधायला लागल्यावर बीपीच्या रुग्णांत हा आजार बऱ्याच जणांना निघतो. नव्या सूचनांप्रमाणे बीपी असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी एकदा तरी करून घ्यावी म्हणतात. रक्ताची साधी तपासणी आहे रे. दंडातून एक सुई. जीभ वर करून दाखवण्यापेक्षा ते सोपं गेलं असतं.

आता जे लिहिते ते लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला.

तुझ्या लेटरहेडवरचे जुने कागद तिच्या हाती पडले. नाव वाचून ती म्हणाली, "हे सर तुमचे कोण?"

"मुलगा."

तिने फाइल बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. मग विचारलं, "काकू, तुम्ही शाळेत ड्रिलच्या बाई होता का?"

मला वाटलं, माझी एखादी विद्यार्थिनी निघाली! मी हसून म्हटलं, "कुठल्या वर्षाची तू?"

ती म्हणाली, "मी तुमची नाही. सरांची."

मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे ती बोलली. तू दरवर्षी कॉलेजच्या सभागृहात वर्गाला एक गोष्ट सांगतोस म्हणे. एक ड्रिलची बाई असते. जगाला शिस्त शिकवते आणि गादीखाली खारे दाणे लपवते. डॉक्टरने चार औषधं दिली तरी बीपी हलत नाही. शेवटी डॉक्टर गादी उचलतो. "पाचवं औषध लिहिण्याआधी गादी उचलून बघा," असं तू म्हणतोस आणि अख्खा वर्ग हसतो. परीक्षेत मुलं विनोदाने 'गादी-चाचणी' असं लिहितात. ती म्हणाली, "मीही हसले होते, काकू." तिचा चेहरा एवढासा झाला होता.

म्हणजे मी घर सोडलं आणि तू मला वर्गात नेऊन बसवलंस. दरवर्षी नवी मुलं, दरवर्षी तोच हशा. ती मुलं आता गावोगाव दवाखाने थाटून बसली असतील आणि कुठल्या कुठल्या बायकांच्या गाद्या उचलत असतील.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्याच पोटी डॉक्टर पिकला आणि मला औषध दुसऱ्याच्या दारात मिळालं, याचं दुःख नाही. पण माझं हसं करून तू नाव कमावलंस, हे मला गिळता येत नाही. ही गोळी मात्र खरंच गिळता येत नाही, जीभ वर करून बघ हवं तर.

तू तिच्या वरिष्ठांना फोन केलास हेही कळलं. "शस्त्रक्रियेची गरज नाही, मी बघून घेतो." इतकी वर्षं बघतच होतास.

आई

२४ मार्च

चिरंजीवांस,

शस्त्रक्रिया झाली. तारीख तुला मुद्दाम कळवली नव्हती. कळवली असती तर तू आला असतास, आणि मला न भेटता आधी डॉक्टरांच्या खोलीत गेला असतास.

आधी जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून दोन्ही ग्रंथींचं रक्त वेगवेगळं काढलं, खोटा माल कुठे तयार होतो ते नक्की करायला. त्यासाठी मोठ्या इस्पितळात जावं लागलं. नळी घालणारा डॉक्टर पूर्ण वेळ शीळ घालत होता. मी म्हटलं, "चूक झाली तर सूर बदलेल ना?" तो म्हणाला, "मावशी, चूक झाली तर मी गातो." बरा माणूस होता. दोष डाव्या बाजूचाच निघाला. मग पोटाला तीन छोटी छिद्रं पाडून ती ग्रंथी काढली. चौथ्या दिवशी मी घरी.

आता चारांतली एकच गोळी उरली आहे. पायांत जोर आला आहे. काल जिना मी एका दमात चढले. मावशी मागून ओरडत होती, "अगं, कठडा धर!" वर पोचल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं, नोकरीची शेवटची वर्षं मी मैदानावर खुर्ची टाकून बसायचे आणि मुली मला 'खुर्चीबाई' म्हणायच्या. हेडबाईंनी सुचवलं म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतली. तेव्हाही हीच गाठ असणार. तेव्हाही माझा मुलगा डॉक्टर होता.

सगळं मात्र परत आलेलं नाही. हृदयाची भिंत जाड झाली आहे. मूत्रपिंडांचं काम अर्ध्यावर आलं आहे, ते आता वाढायचं नाही, आहे ते सांभाळायचं. तशी नवी औषधं आता निघाली आहेत. मधुमेहासाठी काढलेली एक गोळी मूत्रपिंडांनाही जपते म्हणे, मला मधुमेह नसूनही तीच सुरू केली आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे आठ-दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" ती खोटं बोलत नाही, हाच तिचा दोष. म्हणाली, "बरंच वाचलं असतं, काकू."

सूनबाई आली होती. तुला सांगून आली की न सांगता, ते मी विचारलं नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलं. पुडी माझी होती म्हणून."

तिनेच सांगितलं, तेव्हा आता मीही लिहू शकते. तू सगळ्या घराला अळणी जेवायला लावलं होतंस, तिचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून तिने दाण्यांची पुडी माझ्या गादीखाली ठेवली, कारण त्या खोलीत तू कधी पाऊल टाकत नव्हतास. चादर बदलताना कामवालीला पुडी सापडली आणि तिने ती इमानाने तुझ्या हातात दिली. पाहुण्यांसमोर सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्याकडे बघून मान हलवली, बोलू नकोस म्हणून. माझी लाज तशीही गेलीच होती, तिचीही कशाला घालवायची?

मी तिला विचारलं, "मग काय म्हणाला तो?"

ती म्हणाली, "म्हणाले, 'एक पुडी तुझी असेल. बाकीच्या?'"

बाकीच्या! ज्या नव्हत्याच, त्या मी आता कुठून आणून तुला दाखवू?

आई

१० मे

चिरंजीवांस,

या वेळी पत्र तुझ्या अक्षरात आलं. मायनाही होता, "प्रिय आईस". मी पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसले. मावशी म्हणाली, "फोड की, बाँब आहे का?"

फोडलं. तुझ्या कॉलेजात परिषद आहे. 'नेहमीच्या आजारांचं निदान आणि उपचार : नवं काय?' असा विषय. तुला माझी केस मांडायची आहे, त्यासाठी रिपोर्ट हवेत, आणि मी समोर हजर असावं अशी तुझी इच्छा आहे. गाडी पाठवतोस म्हणालास. शेवटी लिहिलंस, "यातून पुष्कळ रुग्णांचं भलं होईल."

होईल. ते मला पटतं, म्हणून नाही म्हणत नाही. पण एक अट आहे. त्याच सभागृहात तू माझी दाण्यांची गोष्ट सांगत आलास ना? त्याच जागी उभा राहून सांग की ती गोष्ट खोटी होती. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. फक्त मुलांना सांग, त्या बाई खरं बोलत होत्या, मी तपासलं नाही. दोन वाक्यं आहेत.

आणि निदान ज्या पोरीने केलं तिचं नाव घे.

कबूल असेल तर कळव.

आई

१७ मे

तुझी चिठ्ठी मिळाली. "सगळं कबूल. गाडी परिषदेच्या दिवशी सकाळी येईल." येते.

मावशीने माझे चांगले कपडे इस्त्रीला टाकलेत. वेडी आहे. मीही.

आई

४ जून

चिरंजीव डॉक्टरसाहेब,

परिषद होऊन आठवडा होत आला आणि आज तुझं पत्र आलं. "आई, सगळ्यांसमोर असं का बोललीस? मी तुझा गौरव करत होतो. लोकांनी काय अर्थ काढला असेल?"

काळजी करू नकोस. लोकांनी काहीच अर्थ काढला नाही, मी बघत होते ना.

तू छान बोललास. खोटं कशाला बोलू? माझ्या पोटाचं चित्र भिंतीएवढं झालं, त्यातली ती इवलीशी गाठ तू बाण दाखवून समजावून सांगितलीस. मला पुन्हा सगळं कळलं, आणि एक क्षण, हेही लिहून टाकते, मला तुझा अभिमान वाटला. "बीपीच्या प्रत्येक रुग्णाची एकदा ही तपासणी करा," म्हणालास. मुलं लिहून घेत होती. मी मावशीचा हात दाबला. म्हटलं, आता सांगेल.

मग तू थांबलास, पाणी प्यालास, आणि म्हणालास, "ही रुग्ण कोण, माहीत आहे? माझी आई." आवाज भरून आला होता तुझा. टाळ्या झाल्या. "आईच्या बाबतीत आपण सगळेच हळवे असतो. पण आम्ही हळवेपणा बाजूला ठेवला, शंका घेतली, आणि वेळेत निदान केलं."

आम्ही. वेळेत.

ती पोरगी शेवटच्या रांगेत बसली होती. मी वळून पाहिलं तर ती आपल्या चपलांकडे बघत होती. सूनबाई पहिल्या रांगेत होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. मी अजून वाट बघत होते. वाटलं, शेवटी सांगेल, नाटकात ठेवतात तसं शेवटासाठी राखून ठेवलं असेल. शेवटी तू पुष्पगुच्छ मागवलास. मला वर बोलावलंस. मी पायऱ्या चढून आले, तुझा हात न धरता, आणि त्यालाही टाळ्या झाल्या, उपचार यशस्वी झाल्याच्या. तू माझ्यापुढे माइक धरलास. "आई, दोन शब्द."

माझ्याजवळ चार वर्षांचे शब्द होते. त्या पोरीचं नाव होतं, पुडी होती, जीभ वर करून उभी राहिलेली मी होते. समोर सगळी तरुण मुलं, पेनं उघडी. आणि तू माझ्याकडे बघत होतास. लहानपणी चोरी पकडली गेली की बघायचास तसं नाही, तसं असतं तर मी काहीही सोसलं असतं. पेशंट बोलायला लागला की डॉक्टर बघतात तसं. किती वेळ घेईल ही, असं.

मी म्हटलं, "मी खोटं बोलत नव्हते."

एवढंच म्हटलं. सभागृह हसलं, प्रेमानेच हसलं. पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "किती गोड आहेत!" तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "आई अजून शिक्षिकाच आहे," आणि ते आणखी हसले. त्याच सभागृहात मला पुन्हा एकदा हसले. या वेळी मी स्वतः हजर होते, एवढाच फरक.

पण तुझा हात खांद्यावर आला तेव्हा तो गार होता. तुला अर्थ कळला होता. सगळ्या सभागृहात माझं मराठी समजणारा तेवढा तू एकटाच होतास.

बाहेर एक बाई माझा हात धरून म्हणाली, "भाग्यवान आहात, असा मुलगा मिळाला." मी म्हटलं, "हो, मिळाला." पुष्पगुच्छ गाडीतच ठेवला, ड्रायव्हरने त्याच्या घरी नेला असेल. तुझ्याकडे जेवायला थांबले नाही कारण मला भूक नव्हती. तुझी गाडी आम्ही स्टेशनवरच सोडली, पुढे रेल्वेने आलो; ती पोरगी स्टेशनपर्यंत बरोबर होती. मी तिची क्षमा मागणार होते, तुझ्या वतीने. पण तिनेच आधी म्हटलं, "काकू, पुढच्या सोमवारी रक्त तपासायला या, विसरू नका." इतकं बरं वाटलं मला त्या वाक्याने. त्यात मी फक्त एक रुग्ण होते, कोणाची गोष्ट नव्हते.

तू लिहिलं आहेस की यापुढची औषधं तुझ्या इस्पितळातून घ्यावीत, तिथे सोयी जास्त आहेत. असतील. मी सोमवारी इथेच जाऊन आले. मूत्रपिंडं आहेत तिथेच आहेत, बीपी एका गोळीवर ताब्यात आहे. वॉर्डातल्या दोन बायकांना मी सांगितलं, डॉक्टरांना ती तपासणी विचारा म्हणून. त्यांतली एक म्हणाली, "विचारलं की ओरडतात हो." मी म्हटलं, "ओरडू देत. विचारा."

तू विचारलंस, मी असं का बोलले. त्याचं उत्तर तुला येतं. तुला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, ते तू विचारलं नाहीस.

पत्र पाठवलंस तर मी उघडीन. पण पहिली ओळ वाचून पुढचं वाचायचं की नाही ते ठरवीन. त्या ओळीत काय असायला हवं ते मी सांगणार नाही. शाळेत होतास तेव्हा तुझे निबंधसुद्धा मी कधी लिहून दिले नव्हते.

आई